डावा मडगार्ड

गाडी भंगारात द्यायची, असं घरात एकमतानं ठरलं. एकमतानं म्हणजे बायकोच्या आणि मुलीच्या. डेंटरनं फक्त एक अट घातली. जाताना तिच्या अंगावर एकही पोचा असता कामा नये.

"बाबा, तो माणूस तिला कापणार आहे," मुलगी फोनवर म्हणाली. "कापायच्या गाडीला कसले आलेत पोचे?"

"कापू दे की. त्याच्या दारात नेऊन काय वाटेल ते कर म्हणावं. माझ्या दारातून ती अशी ठोकरा खाल्लेली जाणार नाही."

मुलीनं पुढं वाद घातला नाही. बापाची खोड तिला पाठ होती. बसडेपोच्या वर्कशॉपात चेपलेले पत्रे सरळ करण्यात त्याची उभी हयात गेली होती. बायको त्याला 'अहो' म्हणे, मुलगी 'बाबा', आणि उरलेल्या जगाला तो डेंटर होता. डॉक्टरसुद्धा केसपेपरवरचं नाव सोडून 'या, डेंटर' असंच म्हणत.

त्या वर्कशॉपात एक शिस्त होती, जुन्या मिस्त्रींनी घालून दिलेली. गाडी आली की पोचा बघायचा. तो कसा पडला, गाडी कुठून कुठं चालली होती, हे ड्रायव्हरला विचारायचं नाही. विचारलं की तो चूक कुणाची ते सांगत बसतो, ऐकणाऱ्याची दुपार जाते आणि पत्रा तसाच राहतो. डोळे मिटायचे, तळवा फिरवायचा, पत्रा काय सांगतो तेवढं ऐकायचं. दुसरी शिस्त डेंटरची स्वतःची होती. 'चालेल' हा शब्द त्यानं कामावर कधी तोंडातून काढला नव्हता. कितीही उशीर झाला, साहेब कितीही ओरडले, तरी तळव्याला खात्री पटेपर्यंत गाडी त्याच्या हातून सुटत नसे.

आता तो निवृत्त होता, आणि थकला होता. थकवा अंगात इतका मुरला होता, की सकाळी डेंटर उठायच्या आधी तोच उठून बसलेला असे.

घर वरच्या मजल्यावर, खाली शेड, आणि दोहोंना जोडणारा आतला जिना. शेडमध्ये गाडी ताडपत्रीखाली झोपलेली. याच गाडीत, लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हा, बायकोचा डावा गुडघा मोडला होता. तो पुन्हा कधी वाकला नाही. सगळं आयुष्य तिनं एक पाय टाकत आणि एक ओढत काढलं. तिच्यासाठी त्यानं डेपोच्या भंगारातला पाइप आणून जिन्याला कठडा ठोकला, उतरताना डाव्या हाताला. आता उजवा पायही कुरकुरू लागला होता आणि जिना तिच्या आवाक्याबाहेर गेला होता. डॉक्टर म्हणाले, या वयात गुडघ्याचं ऑपरेशन करण्यात अर्थ नाही. म्हणून शेडची खोली करायची, तिला खाली आणायचं, आणि गाडीला रजा द्यायची, असा सगळा बेत.

तोवर तिला उठवणं, बसवणं, न्हाणीत नेणं, स्वयंपाक, धुणी, सगळं डेंटरकडं. तो कुरकुर करत नसे. पण दुपारी ती झोपली की तो खाली येऊन गाडीच्या पायरीवर नुसता बसून राही. बायकोवर त्याचा जीव होता आणि तिचं करून करून तो मेटाकुटीला आला होता. दोन्ही खरं होतं.

सुरुवात त्यानं डिकीपासून केली, कारण ते काम सोपं होतं.

डिकीचा कोपरा चेपला होता तो पोस्टमास्तरांच्या फाटकाच्या खांबामुळं. पोस्टमास्तर म्हणजे पलीकडचे शेजारी. डेंटर गाडी मागं घेत होता, खांबाचा कोपरा उडाला, आणि पोस्टमास्तर बनियनवरच बाहेर आले. त्या सकाळी दोघांनी एकमेकांच्या सात पिढ्या काढल्या. तेव्हापासून दोघांतून विस्तव जात नव्हता. रस्त्यात डेंटर दिसला की पोस्टमास्तर ऊन नसलेल्या बाजूलाही छत्री धरत.

डेंटरनं आतून लोखंडी ठोकळा धरला, बाहेरून हातोडी चालवली. जुना पत्रा, जाड आणि समजूतदार. दोन दुपारींत कोपरा वर आला. त्यानं डोळे मिटून तळवा फिरवला. काही लागलं नाही.

तो चहाचा कप घेऊन शेडच्या दारात बसला, तोच कुंपणावरून आवाज आला.

"काय डेंटर! ठोकून ठोकून झोप उडवलीत की आमची."

पोस्टमास्तर हसत होते. हातात लिंबांची पिशवी होती. ती त्यांनी कुंपणावरून पुढं केली.

"वहिनींना द्या. मागच्या वेळची संपली असतील."

डेंटरनं पिशवी घेतली, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. पोस्टमास्तर हवापाण्याचं बोलून आत गेले. डेंटरची नजर फाटकाच्या खांबावर गेली. कोपरा शाबूत होता. नवा केलेला नव्हता. त्यावर जुनं, वाळलेलं शेवाळ होतं, खांबाच्या बाकीच्या अंगावर होतं तसंच.

वर जाऊन त्यानं बायकोला विचारलं, "पोस्टमास्तर आपल्याशी बोलत नव्हते ना गं?"

"कोण, ते?" ती लिंबं हुंगत म्हणाली. "अहो, माझ्या आजारपणात रोज विचारपूस करायला येत होते. तुम्ही दोघं पत्ते कुटत बसायचात. काय झालंय तुम्हाला?"

काही नाही, दमलोय, असं तो म्हणाला. ते खोटं नव्हतं.

मग मागचं दार. त्यावर पोचा नव्हता, ओरखडे होते. मुलगी लहान असताना तिनं खिळ्यानं दारावर घर काढलं होतं: चार भिंती, वर त्रिकोण, धूर सोडणारं धुराडं. नवा रंग दिलेली गाडी. डेंटरनं तिच्या कानशिलात लगावली. जन्मात एकदाच. पण मुलीनं ती कधी विसरू दिली नाही. आली की दारावर बोट ठेवून म्हणायची, "घर बांधलं म्हणून मार खाल्लेली जगात मी एकटीच." ती हसून म्हणायची, आणि तो दर वेळी फडकं घेऊन गाडीचं दुसरं दार पुसू लागायचा. त्याच संध्याकाळी, कुणाला तोंड दाखवावंसं वाटेना म्हणून, त्यानं शेडच्या तुळईला दोन हूक मारून तिच्यासाठी झोका टांगला होता. झोका केव्हाच गेला. हूक राहिले. हल्ली एका हुकाला त्याचा कामाचा दिवा लटके.

ओरखड्यांत त्यानं लांबी, म्हणजे खाचा बुजवायची लुकण, भरली, ती सुकू दिली, पाण्याचा पॉलिश कागद घेऊन घासली. घराच्या भिंती गेल्या, छप्पर गेलं. धुराडं सगळ्यात शेवटी गेलं.

रविवारी मुलगी आली. आईचं डोकं धुतलं, डबे भरले, आणि खाली बापाचं काम बघायला उतरली. दाराशी उभी राहिली. डेंटर वाट बघत राहिला.

"छान झालंय की," ती म्हणाली.

"तुझं घर पुसलं," तो म्हणाला. "आता मला टोमणे मारायला जागा नाही राहिली."

"कसलं घर?"

"खिळ्यानं काढलेलं. मी तुला मारलं होतं ना."

ती मनापासून हसली. "तुम्ही? बाबा, तुम्ही कधी हात तरी लावलाय का मला? मैत्रिणींना खरं वाटायचं नाही. धपाटे काय ते आईचे."

डेंटरला इतकं बरं वाटलं, की त्याला डोळे पुसायला लांबीनं माखलेलाच हात लावावा लागला. ती एक चपराक तो उगाच आयुष्यभर वागवत आला होता. ती आता कुठंच नव्हती. मुलीच्या मनात नव्हती, म्हणजे नव्हतीच. मग त्याचं लक्ष वर गेलं. त्याचा दिवा तुळईला सुतळीनं बांधलेला होता. हूक नव्हते. हुकांची भोकंही नव्हती.

"तुझा झोका..." तो म्हणाला.

"आपल्याकडं झोका कधी होता, बाबा?" मुलीनं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. "थोडे दिवस हे सगळं बंद ठेवा. खरंच."

चपराक गेली, तिच्या मागोमाग झोकाही गेला. डेंटरला हा सौदा वाईट वाटला नाही.

आता डेंटर काही खुळा नव्हता. खांब त्यानं पाहिला होता, तुळई त्यानं चाचपली होती. कसं, का, या भानगडीत तो पडला नाही. तशी सवयच नव्हती. तो फक्त गाडीच्या पुढं जाऊन डाव्या बाजूला उकिडवा बसला आणि डाव्या मडगार्डावर हात ठेवून बराच वेळ तसाच राहिला.

हा पोचा मोठा होता. वळणावर गाडी घसरली आणि रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर गेली, तेव्हाचा. पत्रा खोल आत दबलेला, आणि मधोमध एक घडी, वरून खाली येताना चाकाच्या बाजूला झुकलेली. बायको डावीकडं बसली होती. गुडघा तिथंच गेला.

वरून तिची चाल ऐकू येत होती. त्याला एका कानानं कमी ऐकू येई, पण ही चाल तो झोपेतही ओळखत असे. एक पाऊल, मग फरशीवर ओढलेला पाय, मग काठी. एक पाऊल, ओढ, काठी. ती बंद व्हावी असं त्याच्या मनात आलं. तिच्यासाठी आलं, आणि खरं सांगायचं तर स्वतःसाठीही आलं. सकाळी तिला उचलताना त्याच्या कमरेत जी कळ यायची, ती त्याला पुरेशी झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं अवजारं काढली, तर ती जिन्याच्या तोंडाशी कठड्याला धरून उभी.

"आज काय काढताय?"

"डावा मडगार्ड."

तिनं त्याच्या हातातल्या अवजारांकडं पाहिलं. मग म्हणाली, "तो राहू द्या."

"का गं?"

"राहू द्या म्हणते ना. सगळं केलंत, एवढं राहिलं तर काय बिघडतंय?"

"अगं, समज, त्या दिवशी तो दगड लागलाच नसता तर? तू धावली असतीस. कुठं कुठं फिरली असतीस."

"फिरले असते," ती म्हणाली. "त्या दिवशी आपण कुठं चाललो होतो, आठवतं ना?"

"तुझ्या भावाकडं."

"आणि डिकीत काय होतं?"

"सामान असेल काहीतरी. एवढं कोण लक्षात ठेवतं?"

ती हसली, पण तिच्या तोंडावरचं हसू लगेच मावळलं. "तुम्ही नाहीच ठेवणार. तुमचं आपलं पत्र्याकडं लक्ष." ती वळली. पाऊल, ओढ, काठी. आतून खाट कुरकुरली.

तिच्या मनात काय आहे ते त्यानं विचारायला हवं होतं. विचारलं नाही. पोचा कसा पडला हे विचारायचं नसतं, एवढंच तो शिकला होता.

मडगार्डाचं काम अवघड होतं. पत्रा तापवून नरम करावा लागला. कडेकडेनं थोडं थोडं वर घेत तो आत सरकत गेला. पहिल्या दुपारनंतर काठीचा आवाज थांबला. त्यानं कान दिला. पाऊल, ओढ. पाऊल, ओढ. काठी नव्हती. तो धावत वर गेला. ती ओट्याशी उभी राहून भाजी चिरत होती. दाराच्या कोपऱ्यात काठी नव्हती, आणि तिथल्या रंगावर काठीनं पडलेला डागही नव्हता.

"बरं वाटतंय?" त्यानं विचारलं.

"मला काय झालंय?" ती म्हणाली.

पुढच्या दुपारी ओढ आखूड झाली. मग ओढ गेली. वरती कुणीतरी दोन्ही पायांवर सारखा भार देऊन चालत होतं, स्वयंपाकघरातून खोलीत, खोलीतून बाहेर. डेंटर हातोडी हातात धरून खाली उभ्याउभ्या रडला. सुखानं रडला. आता तिला उचलायला नको. आता दोघं मिळून फिरायला जाऊ.

वर गेला तर ती टाचा उंचावून वरच्या फळीवरची बरणी काढत होती. तो दारात उभा राहून बघत राहिला. तिनं मागं वळून पाहिलं.

"काही हवंय का?" तिनं विचारलं. 'अहो' म्हणाली नाही. पाहुण्याला विचारावं तसं विचारलं.

त्या रात्री जेवताना ती बोलली नाही. त्याच्या ताटात वाढलं, स्वतः आत जाऊन बसली. त्या रविवारी मुलगी आली नाही, तिचा फोनही आला नाही. कामात असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं. सकाळी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवलेली दिसली. धूळ पुसून जिन्याच्या तोंडाशी ठेवलेली. इतकी जड ट्रंक तिनं एकटीनं उतरवली याचंच त्याला कौतुक वाटलं. ट्रंक बाजूनं ओलांडून तो खाली गेला.

घडीचा एक शेवटचा उंचवटा राहिला होता. मसुराच्या डाळीएवढा. दुसरा कुणी असता तर लांबी लावून मोकळा झाला असता.

डेंटरनं मागून ठोकळा टेकवला. डोळे मिटले. हलकेच ठोकलं.

वरून पावलं आली. दोन्ही पाय सारखे, टाच टेकवत, घाईनं. खोलीतून बाहेर. जिन्याच्या तोंडाशी.

तिथं थांबली.

त्यानं तळवा फिरवला. पत्रा सपाट होता. कुठंही काही लागलं नाही.

"झालं गं," त्यानं वर तोंड करून सांगितलं.

त्यानं फडक्याला हात पुसले.

तो जिना चढला. अर्ध्यात आल्यावर सवयीनं कठड्याला हात घातला, आणि हात भिंतीला लागला. कठडा नव्हता.

वर ट्रंक नव्हती.

खाट एकच होती. ओट्यावर एक कप होता, पालथा घातलेला. फळ्या सगळ्या वर, त्याच्या हाताच्या उंचीवर. तिच्यासाठी खाली घेतलेल्या फळ्या कुठंच नव्हत्या. आरशाच्या कडेला तिच्या केसांचा चाप अडकवलेला असे. त्या जागी नुसती भिंत होती, एका माणसाच्या घरात असते तशी पोपडे धरलेली.

त्यानं मुलीला फोन लावला. या क्रमांकाचा फोन अस्तित्वात नाही, असं एका बाईनं शांतपणे सांगितलं. त्यानं पुन्हा लावला. तिनं पुन्हा तितक्याच शांतपणे सांगितलं.

पोस्टमास्तर कुंपणाशी झाडाला पाणी घालत होते.

"आमची ही दिसली का हो?" डेंटरनं विचारलं.

"कोण?"

"ही. तुमच्या वहिनी."

पोस्टमास्तरांनी झारी खाली ठेवली. "डेंटर, आज काय झालंय तुम्हाला? जुनं कशाला उकरताय? त्या गेल्या त्याला जमाना झाला. तुम्हीच नाही का गाडीत बसवून भावाकडं सोडून आलात? ट्रंक डिकीत ठेवायला मीच हात लावला होता."

"आणि मुलगी?"

"कुणाची मुलगी?" पोस्टमास्तरांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत दया होती.

तेव्हा डेंटरला डिकीतलं सामान आठवलं. तिचे सगळे कपडे. उन्हाळ्यातले, थंडीतले, सगळे. त्या सकाळी दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते. आदल्या रात्री तो म्हणाला होता, जायचंय ना, मग मीच सोडतो. आणि ती म्हणाली होती, सोडा. ती कायमची चालली होती. वाटेत तो दगड आडवा आला. मग दवाखाना, प्लास्टर, महिनेच्या महिने. तिला घास भरवता भरवता, तिचं अंग पुसता पुसता दोघं पुन्हा बोलायला लागले. भावाकडं जायचं राहून गेलं. मुलगी त्यानंतरची. सगळा संसार त्या पोच्यात होता, आणि त्यानं तो आपल्या हातानं, इतक्या निगुतीनं, काढून टाकला होता.

तिला हे माहीत होतं. म्हणूनच ती म्हणाली होती, राहू द्या.

तो शेडमध्ये परत आला. गाडी चकचकीत उभी होती, दुकानातून आत्ताच आणल्यासारखी.

त्यानं मोठी हातोडी घेतली.

आयुष्यात त्यानं पोचा कधी पाडला नव्हता. पहिला घाव घालताना हात कचरला. मग त्यानं डोळे मिटले. तळव्याला तो पोचा पाठ होता: कुठं खोल, कुठं उथळ, घडी कुठून निघून कुठं उतरते. तो ठोकायचा, थांबायचा, वर कान द्यायचा. काही नाही. पुन्हा ठोकायचा. दुपार गेली. दुसरी दुपार आली. तो जेवला नाही. पुन्हा तापवला, पुन्हा ठोकला. पण एकदा तापवून सरळ केलेला पत्रा पहिल्यासारखा वागत नाही. ऐकतो, पण आपल्या मनानं.

मग वर काहीतरी टेकलं. काठी.

डेंटरनं श्वास रोखला. पाऊल. ओढ. काठी.

आता फक्त घडी राहिली होती. ती चाकाच्या बाजूला झुकायला हवी होती. ती दाराच्या बाजूला झुकली. त्यानं उलट्या अंगानं मारलं. ती आणखी झुकली. त्याचे खांदे भरून आले होते, बोटं मिटत नव्हती, डोळ्यांपुढं अंधारी येत होती. अजून एकदा तापवला असता, तर पत्रा फाटला असता. वर ती चालत होती. ती होती. एवढं पुरे नाही का?

"चालेल," डेंटर म्हणाला.

हातोडी खाली ठेवली.

"अहो," वरून हाक आली. तिचाच आवाज. "चहा झालाय. येताय ना?"

'अहो' ऐकताच तो उठला. तो जिन्यापाशी गेला. ती वर उभी होती, तीच, त्याच चेहऱ्याची, कपाळावर तीच बट. त्याला बघून हसली. कठड्याला धरून एक पायरी खाली उतरली, दुखरा पाय आधी टेकवत, मग दुसरा.

कठडा तिच्या उजव्या हाताला होता. पाय उजवा होता.

डेंटर खालच्या पायरीवर उभा राहिला. ती वाट बघत होती. त्याच्या हातांत आता हातोडी उचलण्याइतकंही बळ उरलं नव्हतं.

खोलीत फोन वाजू लागला.

"घ्या हो तेवढा, माझ्याच्यानं धावणं होत नाही," ती म्हणाली. "आपल्या लेकाचा असेल. या वेळेला तोच करतो."

तो तिच्या बाजूनं वर गेला. तिच्या अंगाला नेहमीचाच वास होता. त्यानं फोन उचलला.

"बाबा?" भरदार, पुरुषी आवाज, मायेचा. "कंबर कशी आहे? आणि गाडीचं झालं का सगळं? काही राहिलं तर नाही ना?"

ओट्यावर चहाचे तीन कप होते. तिसरा कुणाचा, हे त्यानं विचारलं नाही.

"झालं," डेंटर म्हणाला. "काही राहिलं नाही."